पडण्याचे धडे, मालेगावच्या जिनात

तुमचा धंदा काय, असं कोणी विचारलं की मी आजही अडखळतो. लोहार म्हणावं तर नांगराचा फाळ कधी ठोकला नाही. चांभार म्हणावं तर कोणाच्या पायात हौसेची चप्पल घातली नाही. सुतारकाम म्हणाल तर कुबड्यांच्या पलीकडे गेलो नाही. पोलिओ झालेल्या मुलांसाठी कॅलिपर आणि बूट बनवायचे, आणि ते घालून त्यांना चालायला शिकवायचं, यात माझं आयुष्य गेलं. नोकरीच्या कागदावर या कामाला एक लांबलचक इंग्रजी नाव होतं. माझ्या बायकोनं ते पाठ करून ठेवलं होतं आणि माहेरी गेली की चार बायकांत ती ते ऐकवायची. मुलं मात्र मला 'बूटवाले मास्तर' म्हणत, आणि मला तेच आवडायचं.

दिवाळी अंकासाठी आठवणी मागितल्या तेव्हा मी विचार केला की नेमणूक, बदली, बढती हे लिहीत बसलो तर वाचक फराळाच्या ताटाकडे वळतील. त्यापेक्षा मालेगावच्या, नाशिककडच्या नव्हे, आमच्या वाशीमकडच्या मालेगावच्या, उन्हाळ्यांबद्दल लिहितो. सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. वाशीम जिल्हा तेव्हा वेगळा झाला नव्हता, तो सगळा मुलूख अकोल्यातच मोडायचा, आणि आमचं वर्कशॉपही अकोल्यालाच होतं.

आधी कॅलिपर म्हणजे काय ते सांगतो, कारण नवीन पिढीनं तो पाहिलेला नाही, आणि पाहिलेला नाही हे फार चांगलं झालं. मुलाला खाकी कागदावर निजवायचं, पायाच्या कडेकडेनं पेन्सिल फिरवायची, घोटा, गुडघा, जांघ यांच्या खुणा करायच्या. त्या आकारावर दोन लोखंडी पट्ट्या वाकवायच्या, एक पायाच्या आतल्या बाजूनं, एक बाहेरच्या. खाली त्या बुटाच्या टाचेत अडकतात, वर मांडीभोवती चामड्याचा पट्टा येतो. गुडघ्यापाशी सांधा असतो आणि सांध्यावर एक कडी. उभं राहिलं की कडी खाली घसरते आणि गुडघ्याला कुलूप लागतं. बसायचं तर कडी हातानं वर उचलायची. पायात जो जोर उरलेला नाही तो लोखंडाकडून उसना घ्यायचा, एवढंच त्यामागचं शास्त्र. मूल वाढलं की पट्टी तोकडी पडते, मग पुन्हा नवं भोक आणि नवा स्क्रू.

गिऱ्हाइकं एकेक भारी असत. रिसोडकडच्या एका शेतकऱ्यानं पोराचं माप देऊन झाल्यावर मला हळूच बाजूला नेलं.

"मास्तर, एक इचारू का? माह्या बैलाचा पाय मोडला हाय. त्याच्यासाठी बी एक बनवून देता का?"

मला हसू आलं, तसा तो तडकला. "हासता काहून? त्याले का जीव नाई?"

शेवटी मी बांबूच्या कामट्या आणि गोणपाट घेऊन त्या बैलाचा पाय बांधून दिला. बैल काही फार चालला नाही, पण तो माणूस पुढे दर वर्षी पोराच्या आधी बैलाची खुशाली सांगायचा.

दुसऱ्या एका घरी मी कॅलिपर कसा काय चालतोय ते बघायला गेलो, तर तो भिंतीवरच्या खुंटीला टांगलेला. तेल लावून लखलखीत ठेवलेला, वरून स्वच्छ फडकं. पोरगं खाली जमिनीवर घासत चाललेलं.

"घालत नाही का हा?" मी विचारलं.

"घालते ना. पोळ्याले घातला, दिवायीले घातला," त्याची आजी अभिमानानं म्हणाली. "रोज कायले घालाचा? घासून नाई जाईन? एवढी चांगली वस्तू."

मी कपाळाला हात लावला. नवीन कपडे जपून ठेवायचे, सणासुदीला काढायचे, हे त्या घरातलं वळण. कॅलिपरलाही त्यांनी तोच मान दिला होता. त्यांना हसून काय उपयोग? पायात लोखंड अडकवून मूल घरी पाठवलं की आपलं काम संपलं, असं आम्हालाच वाटत होतं. या खुंटीनंतर आमच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मुलाला शिकवून भागणार नाही, सगळं घरच बोलवायला हवं.

त्यातून मालेगावचं शिबिर सुरू झालं. मे महिन्यात तिथल्या एका जिनाचं, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याचं, आवार आम्हाला वापरायला मिळायचं. कापसाचा हंगाम उरकलेला असायचा, यंत्रं थंड, टिनाचे शेड रिकामे, आणि आवारात चांगले जुने कडुलिंब. शाळांना सुट्टी, शेतात काम नाही, त्यामुळे आईबापांनाही सवड. अट एकच होती. मूल एकटं पाठवायचं नाही. आई हवी, जमलं तर बाप हवा, आणि धडधाकट भावंडंही हवीत. या भावंडांच्या वाट्याला घरी "त्याले आधी दे" याखेरीज काही आलेलं नसायचं, आणि त्याचा राग त्यांच्या पोटात असायचा.

वऱ्हाडातलं ऊन आणि लोखंड यांचं जमत नाही. सकाळी ऊन चढायला लागलं की पट्ट्या इतक्या तापत की कातडीला चटका बसे. म्हणून चालण्याचा सराव पहाटे, नाही तर थेट दिवस कलल्यावर. मधली लांबलचक दुपार मोकळी. सुरुवातीला आम्हाला त्या दुपारची काळजी वाटायची, पण बायकांनीच ती सोडवली. उन्हाळ्याची कामं त्यांनी सोबत आणली. कोणी शेवया वळू लागली, कोणी बारीक काडीवर कणीक गुंडाळून सरगुंडे करू लागली, आणि ज्या पोरांना उभं राहता येत नव्हतं त्यांची बोटं अशी चलाख निघाली की आया बघतच राहिल्या. बाप्ये अंबाडीचे दोर वळत. पोरं चिंचोके खेळत, आणि संध्याकाळी एका शेडमध्ये बैठी कबड्डी व्हायची. जिनात इथेतिथे उरलेला कापूस गोळा करून त्याचा जाड थर केला होता. त्यावर सगळ्यांनी पाय पसरून बसायचं, भावंडांनीही, आणि बसल्या बसल्या सरकत चढाई करायची. हातांत जोर असलेली आमची पोरं धडधाकट भावांना असं काही ओढून पाडत की वर्षानुवर्षांचे हिशेब तिथेच चुकते होत.

एक नियम माझा स्वतःचा होता, आणि मी त्यात कोणालाही सोडलं नाही. 'बिचारं' हा शब्द जो उच्चारेल त्यानं विहिरीवरून बादलीभर पाणी आणून झाडाला घालायचं. मला त्या शब्दाची मनापासून चीड होती. एका वर्षी समारोपाला कोणी मोठे पुढारी आले. हार घालून झाला, त्यांनी घसा साफ केला आणि सुरुवात केली, "ही बिचारी बालके..." पुढचं वाक्य कोणाला ऐकूच आलं नाही. सगळं आवार एकसुरात ओरडलं, "बादली!" साहेब गोंधळले. त्यांचा माणूस बादली घ्यायला धावला, तर पोरांनी त्यालाही अडवलं. ज्यानं म्हटलं त्यानंच आणायची. माणूस दिलदार निघाला, धोतर खोचून विहिरीवर गेला. पुढच्या भाषणात शब्द जपून वापरत होता बिचारा. लिहिताना निघून गेला शब्द, आता मलाही बादली आणावी लागणार.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. कॅलिपर घातलेल्या मुलाला आम्ही पहिल्यांदा चालायला शिकवत नसू, पडायला शिकवत असू. गुडघे कुलपात असताना मूल पडतं तेव्हा ते सरळच्या सरळ आडवं होतं. कुबड्या बाजूला फेकायच्या, म्हणजे त्यांच्यावर पडणार नाही. हात पुढे करायचे, कोपरं थोडी वाकवायची, तोंड एका बाजूला वळवायचं. आधी कापसावर पडायचं, मग मातीवर. आणि पडल्यावर कुबडीच्या आधारानं आपलं आपण उठायचं. ज्याला पडून उठता येतं त्याला चालायची भीती वाटत नाही.

मुलं हे चटकन शिकत. अडचण आयांची होती. मूल जरा कललं की आई झेप घ्यायची. कितीही बजावलं तरी तिचे हात पुढे यायचेच. मग मूलही पडायच्या आधी आईकडे बघायचं. म्हणून डॉक्टरीणबाईंनी एक युक्ती काढली. सरावाच्या वेळी आपलं मूल आपण सांभाळायचं नाही, दुसऱ्याचं सांभाळायचं. जोड्या त्या स्वतः ठरवायच्या, आणि ठरवताना कोणाचं घर कोणतं, जात कोणती, हे मुद्दाम बघायच्या नाहीत. की मुद्दाम बघायच्या, कोण जाणे.

बहात्तरचा दुष्काळ सरून गेला होता, त्यानंतरच्या एका उन्हाळ्यात शांताबाई आल्या. धनजच्याही आत, बैलगाडीच्या वाटेवरचं त्यांचं खेडं. त्याचं नाव लिहीत नाही, कारण ज्या गुरुजींबद्दल पुढे सांगणार आहे त्यांची नातवंडं अजून तिथं असतील. बौद्ध कुटुंब. नवरा एका शेतकऱ्याकडे सालदार, शांताबाई मजुरीला जात. सोबत त्यांची मंगला, आठ वर्षांची. दोन्ही पायांवरून वारं गेलेलं. शांताबाईंनी तिला एस.टी.तून कडेवरच आणलं, आणि खाली ठेवताना आधी पदरानं जागा झाडली.

"मास्तर, मले जास्त काई नको," पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या. "पोट्टी शाळेत गेली पायजे. तिचा बाबा शिकला नाई, मी शिकली नाई. बाबासायबानं शिका म्हनून सांगतलं, आन् माह्या घरात एकच लेकरू, थे बी घरात बसून."

"मग शाळेत काय अडचण आहे?"

"गुरुजी म्हनते, आपल्या पायानं आली तर नाव टाकतो."

मी आधी भडकलो. मग शांताबाईंनीच गुरुजींची बाजू सांगितली. एकच मास्तर, एका खोलीत चार वर्ग. मंगलाला उचलून आत कोण आणणार, बाहेर कोण नेणार? शांताबाईंनी दिवसभर दारात बसून राहायचं म्हटलं तर मजुरी बुडते. "त्याहीचं बी खोटं नाई," त्या म्हणाल्या. म्हणजे जून महिन्यात शाळा उघडेल तेव्हा मंगला आपल्या पायांनी शाळेत पोचली तर शिक्षण, नाही तर पुन्हा वर्षभर घर. आणि आठ वर्षांच्या मुलीचं एक वर्ष गेलं की दुसरंही जातं, हे मी अनेक घरांत पाहिलं होतं.

मंगला म्हणजे एकूण तिखट प्रकरण होतं. माप घेताना मला म्हणाली, "मास्तर, लोखंड पक्कं लावजा. मले लय दूर जाचं हाय."

डॉक्टरीणबाईंनी मंगलाची जोडी लावली ती काकींशी. काकी रिसोडच्या. किराण्याचं मोठं दुकान, जैन घराणं. त्यांचा मुलगा अशोक एका पायानं अधू होता. त्यांचं खरं नाव आम्ही कधी घेतलं नाही, सगळं आवार त्यांना काकीच म्हणायचं. बोलायला मृदू, वागायला नीटनेटक्या. अशोक गेला शांताबाईंकडे, मंगला आली काकींकडे.

काकी मंगलाला शिवत नसत. त्यांनी तसं कधी बोलून दाखवलं नाही, आणि त्या वेळी ते बोलून दाखवायची कोणाला गरजही नव्हती. पाण्याचा माठ वेगळा, बसायचं सतरंजीचं टोक वेगळं. शांताबाईंना कळत होतं, मला कळत होतं. मला राग यायचा. पण एक गोष्ट अशी घडत होती की ती मान्य करताना मला आजही अवघड वाटतं. मंगला पडायची, आणि काकी दोन्ही हात पाठीमागे बांधून नुसत्या उभ्या राहायच्या. बाकीच्या बायका परक्या मुलालाही उचलायला धावत. काकी एकट्या हलत नसत. मंगला धडपडायची, चिडायची, कुबडी रोवायची आणि उठायची. सगळ्या शिबिरात सगळ्यांच्या आधी तीच उठायला शिकली. आम्ही घसा कोरडा करून जे शिकवत होतो ते त्या बाईंच्या सोवळ्यानं करून दाखवलं. हे चांगलं म्हणावं की वाईट, मला ठरवता आलेलं नाही.

इकडे दुसरीच अडचण उभी राहिली. काकी आणि अशोक सूर्य मावळायच्या आत जेवत, तो त्यांचा धर्म. आणि लोखंड निवायची वेळ नेमकी तीच. रोज संध्याकाळी सराव रंगात आला की त्या दोघांना उठून जावं लागायचं. अशोकचा सराव बुडे, मंगलाजवळ कोणी उरत नसे. काकी खाली मान घालून म्हणाल्या, "आम्ही परत जातो. आमच्यामुळे सगळ्यांचा खोळंबा होतो."

मी काही बोलायच्या आत शांताबाई म्हणाल्या, "जाता कायले? समदेच आंधीच जेवू. आमी बी घरी उजेडातच जेवतो. तुमचा धरम हाय, आमचं घासलेट वाचते."

बायका खळखळून हसल्या. काकीही हसल्या. त्या दिवसापासून सगळ्या शिबिराची जेवणं उन्हं असतानाच उरकू लागली आणि सराव त्यानंतर, गार होत चाललेल्या उजेडात. पंगती अजून वेगळ्याच होत्या, पण वेळ एक झाली.

मग तो दिवस आला. मंगला आता कापूस सोडून मातीवर चालत होती. एका खड्ड्यात कुबडी गेली आणि ती तोंडावर आपटली. हनुवटी फुटली, रक्त आलं. मी शेडच्या दुसऱ्या टोकाला होतो. मी बघतो तर काकी धावल्या. हात पाठीमागून सुटले होते, पदर खांद्यावरून घसरला होता. त्या मंगलाजवळ गुडघ्यांवर बसल्या आणि तिला उचलायला दोन्ही हात पुढे केले.

मंगलानं ते हात बाजूला सारले. "नको, काकी. हात नोका लावू मले."

आणि रक्त पुसत पुसत आपली आपण उठली.

काकी तिथेच बसून राहिल्या. रात्र व्हायच्या आत त्या माझ्याकडे आल्या. "मास्तर, आम्ही उद्या जातो."

"का? काय झालं?"

"त्या मुलीनं माझा हात झिडकारला," त्या म्हणाल्या, आणि त्यांना रडू फुटलं. "बरोबरच केलं तिनं. इतके दिवस मी तिला शिवले नाही. तिला कळत नसेल का? लहान लेकराच्या मनात मी हे घातलं."

त्यांची समजूत घालावी असं काही माझ्याजवळ नव्हतं, कारण त्या म्हणत होत्या ते खरंच होतं. मी म्हटलं, तिलाच विचारू. मंगला हनुवटीवर पट्टी लावून चिंचोके मोजत बसली होती.

"काकींचा हात का नको म्हणालीस गं?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच वेडा. "काकीनं उचललं असतं त शाळेत कोन घेईन मले? गुरुजीनं सांगतलं ना, आपल्या पायानं. कोनाचाच हात घ्याचा नाई. मायचा बी नाई."

काकींना शाळेचं काही माहीतच नव्हतं. त्या खाली बसल्या आणि तिच्याकडून सगळं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्या गेल्या नाहीत.

पण मंगलाच्या त्या हट्टानंच पुढे आम्हाला अडवलं. शिबिर संपत आलं तेव्हा बोलता बोलता शांताबाई म्हणाल्या, "शाळेले पायऱ्या हायत, मास्तर. उंच हायत. कठडा नाई."

सपाट जमिनीवर मंगला आता मजेत चालत होती. पण दोन्ही गुडघे कुलपात असताना, कठड्याशिवाय उंच पायरी चढणं मोठ्या माणसालाही जमत नाही. जिनाच्या एका बाजूला कापसाच्या गाठी चढवायचा ओटा होता, त्याला दोन पायऱ्या. तिथे करून पाहिलं. मी खांदा दिला की मंगला चढत असे. खांद्याशिवाय नाही. आणि खांदा घ्यायला ती तयार नव्हती. ती कुबड्या टाकून पायरीवर पोटावर आडवी झाली आणि हातांनी वर सरपटू लागली.

"असं नको, मंगला."

"मंग कसं? हात घेतला त गुरुजी म्हनतीन, पाय कुठं हायत तुह्ये?"

शांताबाईंनी समजावलं, डॉक्टरीणबाईंनी समजावलं, मी रागावलोसुद्धा. पोर ऐकेना. आम्हीच तिला महिनाभर शिकवलं होतं की कोणाचा हात बघायचा नाही. आता कोणत्या तोंडानं सांगणार की हात घे? शांताबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "सरपटत गेली त समदे पोट्टे हासतीन, मास्तर. मंग पोट्टी पुन्हा जानार नाई. मी ओयखते तिले."

काकी हे सगळं बघत होत्या. त्यांचे गुडघे दुखायचे, त्यामुळे ओट्यावर चढायला त्या नेहमी मागच्या उतरत्या बाजूनं वळसा घालत. त्या दिवशी त्या सरळ पायऱ्यांपाशी आल्या आणि मंगलाला म्हणाल्या, "मला वर जायचंय. तुझा खांदा दे गं."

मंगला गोंधळली. पण पायरीला टेकून नीट उभी राहिली. काकींनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. चांगला भार देऊन ठेवला, मी पाहिलं, पट्ट्यांचं चामडं करकरलं. एक पायरी, दुसरी पायरी. ओट्यावर पोचून त्या वळल्या.

"मी वर कशी आले?"

"चढून आल्या."

"कोणाच्या पायांनी?"

मंगलानं काकींच्या पायांकडे पाहिलं. मग तिनं कुबडी एका हातात घेतली आणि दुसरा हात वर केला. काकींनी तो धरला. त्या संध्याकाळी पंगती एकत्र झाल्या असं लिहिता आलं असतं तर मला आवडलं असतं. तसं झालं नाही. पण काकींचा माठ कोणीतरी उचलून दुसऱ्या माठाशेजारी ठेवला, आणि त्यांनी तो परत हलवला नाही. कोणी ठेवला हे विचारलंही नाही.

शाळा उघडली त्या दिवशी मी धनजला उतरून त्या खेड्यात गेलो. नवीन कॅलिपर घालून मूल पहिल्यांदा बाहेर पडतं तेव्हा स्क्रू ढिले होतात, म्हणून जाणं कामाचाच भाग होता, असं मी वर्कशॉपमध्ये सांगितलं. खरं म्हणजे मला राहवत नव्हतं. शांताबाईंचं घर गावाच्या टोकाला, शाळा दुसऱ्या टोकाला. मंगला पुढे, आम्ही दोघं मागे. वाटेत ती एकदा पडली. दारात उभ्या असलेल्या दोन बायका धावल्या, शांताबाईंनी त्यांना हातानं थांबवलं. मंगला उठली, झगा झटकला, पुढे चालू लागली.

शाळेच्या पायऱ्या खरोखर उंच होत्या. गुरुजी वर दारात उभे होते, आणि त्यांच्या मागून पोरांची डोकी. मंगला पहिल्या पायरीपाशी थांबली. शांताबाई माझ्या शेजारी पुटपुटत होत्या, काय ते कळलं नाही.

मंगलानं एक कुबडी काखेत धरली, दुसरी पायरीला टेकवून ठेवली, आणि मोकळा हात गुरुजींच्या दिशेनं वर केला.

"गुरुजी, मी आली. आता हात द्या."

गुरुजी क्षणभर त्या हाताकडे बघत राहिले. ते गावातल्या वरच्या घरातले, वयानं मोठे, आणि दारात पोरं बघत होती. मग ते दोन पायऱ्या खाली उतरले आणि त्यांनी तो हात धरला. बुटाची टाच पायरीवर आपटत आपटत मंगला वर गेली. दारात पोचल्यावर गुरुजींनी मागे वळून शांताबाईंना विचारलं, "पूर्ण नाव काय लिहू?"

शांताबाईंनी नाव सांगितलं. मंगला आत गेली. तिनं वळून पाहिलं नाही.

आम्ही दोघं बाहेर उभे. पेरणीचे दिवस होते, शांताबाईंना सरकी टोबायला, कपाशीचं एकेक बी मातीत लावायला, जायचं होतं. दोन दिवसांपासून शेतमालक निरोप पाठवत होता. त्यांनी पदर खोचला आणि निघाल्या. चार पावलं गेल्या आणि थांबल्या. पुन्हा दोन पावलं, पुन्हा थांबल्या. मला वाटलं, पायात काही रुतलं.

"काय झालं, शांताबाई?"

त्यांनी आपल्या रिकाम्या कमरेवर हात ठेवला होता. आठ वर्षं तिथं मंगला होती. त्यांचा सगळा तोल तिच्या वजनावर बसलेला, एक खुबा कायमचा वर उचललेला.

"काय सांगू, मास्तर," त्या म्हणाल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या. "इतकं हलकं लागून राह्यलं, का मलेच चालता येऊन नाई राह्यलं."

मी जन्मभर लोकांना चालायला शिकवलं, पण या अडचणीवर माझ्याकडे काही औजार नव्हतं. मी त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो आणि त्यांनी पाऊल उचललं तसं मीही उचललं. शेताच्या बांधापर्यंत आम्ही सावकाश चालत गेलो.